पोटाची खाज आणि तळपायाची खाज

सातवा लागला आणि पोट खाजायला लागलं, की शिरूर अनंतपाळच्या कुठल्याही गल्लीत गरोदर बाईला उत्तर तयार मिळतं: लेकराच्या डोक्याला जावळ येतंय. हे उत्तर किती जुनं आहे, हे सांगणाऱ्या आत्याबाईंना ठाऊक नसतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सातव्या महिन्याच्या वर्णनात हीच गोष्ट आली आहे. गर्भाला केस येऊ लागले की आईच्या अंगाचा दाह होतो, असं स्त्रिया म्हणतात. आचार्य आत्रेयांना मात्र ते मान्य नाही, असं ग्रंथ स्पष्ट सांगतो. त्यांच्या मते गर्भ वाढला की त्याच्या दाबानं वात, पित्त, कफ छातीकडे सरकतात, तिथं दाह करतात, दाहातून कंडू, म्हणजे खाज, होते आणि कंडूतून किक्किस, म्हणजे पोटामांड्यांवर उमटणारे वण. उपायही दिले आहेत. चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप, ज्येष्ठमधाच्या काढ्याचं सिंचन, आहारात मीठ आणि तेल बेताचं. खाजवू नये, त्यानं त्वचा विद्रूप होते. अगदीच सोसवेना तर चोळावं, असंही सांगितलं आहे.

नखं न लावता चोळण्याचा सल्ला आजही चुकीचा नाही. आत्रेयांनी नाकारलेला जावळाचा समज मात्र त्यांच्यानंतरही टिकला, आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती आता दवाखान्यात ऐकू येते: ‘ताई, गरोदरपणात होतंच असं, बाळंतपण झालं की जाईल.’ बहुतेक वेळा हे खरंही ठरतं. पण शंभरातल्या एखाद-दुसऱ्या बाईच्या बाबतीत तेवढं सांगणं पुरेसं नसतं, आणि तिच्या अंगावर बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे तिला ओळखण्यात आपण सगळेच चुकतो. या लेखात खाजेचे सगळे प्रकार येतील, पण ओढा राहील तो याच एका प्रकाराकडे.

आधी आपल्या भागातल्या साध्या कारणांचं पाहू. लातूर जिल्ह्यातला एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या पुढचा पारा आणि पाण्याची मारामार. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हाच जिल्हा. गरोदर बाईला घाम एरवीपेक्षा जास्त येतो. त्यात बोअरचं जड पाणी, स्वस्त साबण आणि अंगावर सिंथेटिक साडी. पोट वाढत जातं, पण परकराची नाडी जिथल्या तिथेच करकचून बांधलेली असते. तिच्याखाली घाम साचून काळपट पट्टा उठतो आणि तो रात्रंदिवस चावतो. नाडीऐवजी रुंद पट्टा लावला, सुती गाऊन घातला, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळलं, तर यातल्या बऱ्याच जणींना औषधाची गरजच पडत नाही. नुसतं ताणल्यामुळे खाजणारं पोटही एवढ्यावरच शांत होतं.

ऑक्टोबरात सोयाबीन निघतं तेव्हा कारण बदलतं. पिकाची कूस, धूळ आणि बांधावरचं गाजर गवत. हे गवत 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचा सुरुवातीचा अभ्यासही पुण्याच्याच डॉक्टरांनी केला. चेहरा, मान, कोपराची आतली बाजू अशा उघड्या जागी पुरळ उठतं, चिघळतं आणि उन्हात वाढतं. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत रानात जाणाऱ्या बाया इथं काही कमी नाहीत, त्यामुळे तपासणाऱ्यानं ‘कुठल्या कामाला जाता?’ हा प्रश्न वगळू नये.

याच सुमारास आणखी एक घोटाळा होतो. शासनाच्या लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि ‘गोळ्या उष्ण पडल्या, म्हणून अंग खाजतंय’ असं म्हणून त्या बंद केल्या जातात. महाराष्ट्रात निम्म्याच्या जवळपास गरोदर बायांचं रक्त कमी आहे. रक्तातलं लोह कमी असणं हे स्वतःच खाजेचं एक कारण आहे. म्हणजे ज्या गोळीनं खाज कमी झाली असती, तीच खिडकीबाहेर जाते.

आता खरूज आणि नायटा. या दोन्हींचा गरोदरपणाशी थेट संबंध नाही, पण गरोदर बाई तपासणीला येते तेव्हा तेच सर्वात जास्त दिसतात. खरजेची ओळख एका प्रश्नात होते: ‘घरात आणखी कोणाला खाजतंय का?’ नवरा, सासू आणि धाकटं लेकरू, सगळे रात्री खाजवत असतील आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड असतील, तर पोटातल्या बाळाचा त्यात काही दोष नाही. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम गरोदरपणात चालतं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. एकटीलाच मलम देऊन पाठवलं, तर पंधरा दिवसांत ती परत येते.

नायट्याची गोष्ट जास्त चिघळलेली आहे, आणि ती चिघळवण्यात आपला सगळ्यांचा हात आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर न हटणाऱ्या नायट्याची साथ आहे. त्यामागच्या बुरशीला 2020 मध्ये वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात देश आला, हे काही अभिमानाचं नाही. मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की जी ट्यूब मिळते तिच्यात बहुधा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि एक जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, बाई खूश होते आणि आत बुरशी पसरत राहते. ट्यूब थांबली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, म्हणून ट्यूब पुन्हा आणली जाते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी तरतूद केली. काउंटरवर ती किती पाळली जाते, ते वाचकांनी आपापल्या गावात पाहावं. गरोदर बाईसाठी यात आणखी एक धोका आहे. सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड थोड्या प्रमाणात लावायला हरकत नसते, पण जहाल स्टेरॉइड महिनोन्महिने मोठ्या प्रमाणात लावलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे. नुसतं क्लोट्रिमॅझोल सुरक्षित आहे. नायट्यासाठी पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र बाळंतपण होईपर्यंत शक्यतो टाळतात.

खास गरोदरपणातच होणाऱ्या त्वचारोगांची यादी फार लांब नाही. पूर्वी एकाच रोगाला चार-चार नावं होती. 2006 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी पाचशेहून अधिक रुग्णांचा आढावा घेऊन त्यांचे चार गट पाडले, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच विभागणी चालते. पहिला गट अ‍ॅलर्जीची, दम्याची प्रवृत्ती असलेल्या बायांचा. त्यांची खाज सहसा आधीच, पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमाराला सुरू होते. तिचा त्रास होतो, पण बाळाला धोका नसतो.

दुसरा प्रकार शेवटच्या आठवड्यांतला. डॉक्टर त्याला पीईपी म्हणतात, जुन्या पुस्तकांत पीयूपीपीपी असं लांबलचक नाव आहे. दीडशे-दोनशे बायांत एखादीला होतो, पहिलटकरणींत आणि जुळं असेल तर जास्त. त्याची ओळख जवळून पाहिली की पटते. पोटावरच्या ताणाच्या वणांमध्येच बारीक, उठलेले, गांधीसारखे फोड दिसतात. वणांच्या रेषेवरून ते चालत जातात, एकमेकांत मिसळतात, मांड्यांवर उतरतात, पण बेंबीभोवतीचा गोल मोकळा सोडतात. गोऱ्या कातडीवर ते लालभडक दिसतात, आणि पुस्तकांतले फोटोही तसेच असतात. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या पोटावर लाली दिसत नाही, म्हणून बोट फिरवून पाहावं लागतं. कातडी खडबडीत, भरड लागते. घरात यालाच ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. त्यानं नुकसान नाही. कॅलामाइन, सौम्य स्टेरॉइड मलम आणि सेटिरिझिनसारखी गोळी एवढ्यावर भागतं. बाळाला काही होत नाही, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत सगळं निवळतं आणि पुढच्या खेपेला सहसा परत येत नाही.

तिसरा प्रकार दुर्मीळ, अनेक हजारांत एक: पेम्फिगॉइड जेस्टेशनिस. इथं चित्र उलटं असतं. सुरुवातच बेंबीभोवती होते, मग पाण्यानं भरलेले ताठ फोड हातापायांवर पसरतात. कांजिण्या समजून किंवा ‘देवी आल्या’ म्हणून बाईला घरात वेगळं बसवण्याचा मोह होतो. हा संसर्ग नाही, शरीरातल्याच प्रतिपिंडांनी स्वतःच्या कातडीवर केलेला हल्ला आहे. तपासायला कातडीचा तुकडा मोठ्या केंद्रात पाठवावा लागतो, आणि अनेकदा पोटातून स्टेरॉइड द्यावं लागतं. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याची शक्यता वाढते, आणि दहात एखाद्या बाळाच्या अंगावरही काही दिवस फोड दिसतात. बाळंतपणानंतर लगेच हा रोग उसळी मारू शकतो आणि पुढच्या गरोदरपणात अधिक लवकर येतो, म्हणून हे निदान बाईच्या कागदावर ठळक लिहून द्यायला हवं.

आता चौथा प्रकार, ज्यात कातडीचा काही दोषच नसतो. याला आयसीपी किंवा ऑब्स्टेट्रिक कोलेस्टॅसिस म्हणतात. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काही बायांच्या यकृतातून पित्त पुरेशा वेगानं बाहेर जात नाही. मोरी तुंबली की पाणी घरात फिरतं, तशी पित्तातली आम्लं मागं सरून रक्तात उतरतात. खाज सुटते ती बहुधा सातव्या महिन्यानंतर, तळहात आणि तळपायांपासून, आणि रात्री तिचा जोर वाढतो. बाई फरशीवर पाय घासत बसते, ओल्या पोत्यावर उभी राहते, पहाटेपर्यंत झोप नाही. सकाळी दवाखान्यात गेली तर अंगावर फक्त नखांचे ओरखडे. ते हात पोचेल तिथंच असतात. पाठीच्या मधोमध, जिथं हात पोचत नाही, तिथली कातडी स्वच्छ. ही एवढी खूण तपासणाऱ्यानं पाहिली तरी अर्धं निदान होतं. पुरळ आधी आणि खाज नंतर असेल तर कातडीचा रोग. खाज आधी आणि ओरखडे नंतर असतील तर रक्त तपासा.

ब्रिटनमध्ये सरसकट गरोदर बायांत हा रोग सुमारे 0.7 टक्के आढळतो, तर तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायांत 1.2 ते 1.5 टक्के. म्हणजे आपल्या रक्तात तो दुपटीच्या आसपास आहे. हेच प्रमाण धरलं, तर वर्षाला हजार बाळंतपणं होणाऱ्या भागात अशा दहा-पंधरा बायका असायला हव्यात. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारा, वर्षात किती सापडल्या? उत्तर एक किंवा शून्य आलं, तर बाकीच्या गेल्या कुठं हा प्रश्न उरतोच.

बाईला त्रास झोपेचा, पण खरी काळजी बाळाची. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, पोटातच बाळानं शी करणं आणि क्वचित, कुठलीही पूर्वसूचना न देता बाळ पोटात दगावणं. ते बहुधा हृदयाचे ठोके अचानक बिघडून होतं, म्हणून आदल्या दिवशीची सोनोग्राफी चांगली होती, याचा भरवसा देता येत नाही. धोका किती, हे 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या, पाच हजारांवर रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून बरंच स्पष्ट झालं. रक्तातलं बाइल अ‍ॅसिड लिटरला 100 मायक्रोमोलच्या खाली असेल तर मृत बाळ जन्मण्याचा धोका इतर बायांएवढाच. 100 च्या वर गेलं की तो 3.44 टक्के, म्हणजे तीसात एक. त्यामुळे घाबरवण्याची भाषा सगळ्यांसाठी नको, पण आकडा कळल्याशिवाय धीर देण्याचीही घाई नको.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयानं 2022 मध्ये या आकड्यांवर मार्गदर्शन बेतलं. 19 ते 39 सौम्य, यात चाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबता येतं. 40 ते 99 मध्यम, अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांना बाळंतपणाचा विचार. 100 च्या पुढं तीव्र, पस्तीस-छत्तीस आठवड्यांनाच. औषधाबाबत मात्र थोडी निराशा आहे. वर्षानुवर्षं दिली जाणारी अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी 2019 च्याच एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत, सहाशेवर बायांत, बाळाच्या दृष्टीनं फायद्याची ठरली नाही. खाजही थोडीशीच कमी झाली. गोळी महाग आहे. ती देण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, पण गोळी चालू आहे म्हणून पुढची तपासणी टाळू नये.

अडचण तपासणीची आहे. बाइल अ‍ॅसिडची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये सहसा होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. लिव्हर फंक्शन टेस्ट मात्र निलंगा, उदगीर, लातूर सगळीकडे होते, आणि पहिली पायरी म्हणून तेवढी पुरते. तिच्यात एसजीपीटी पाहायचं. अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळे गरोदरपणात एरवीही वाढलेलं असतं, त्याच्यावर जाऊ नये. बिलिरुबिन बहुधा ठीक येतं आणि डोळे पिवळे दिसत नाहीत. ‘कावीळ नाही’ एवढं सांगून बाईला घरी पाठवण्याची चूक इथंच होते. शिवाय खाज रिपोर्टच्या आधी धावते. पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज तशीच राहिली, तर आठवड्याभरात रक्त पुन्हा तपासावं. खर्चाचं म्हणाल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं आणि वाहन मोफत असायला हवं. ते मागून घ्यावं.

डोळे आणि लघवी खरंच पिवळी झाली, तर खाज बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत घात करते. अशा बायांतलं मृत्यूचं प्रमाण 20-25 टक्क्यांपर्यंत जातं. 2012 मध्ये इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्यातून या काविळीची साथ आली होती. टँकर आणि आटलेल्या विहिरींवर दिवस काढणाऱ्या मराठवाड्यानं ती विसरू नये. काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारी माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. गरोदर बाईला तिकडं नेण्यात जे दोन दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या रीतीभातीतली. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, आणि जुने रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. आयसीपी सुरू होण्याचे दिवसही हेच. नव्या डॉक्टरसमोर ती कोऱ्या पाटीसारखी उभी राहते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर कपाटही फडावर नसतं. माता-बाल संरक्षण कार्ड तेवढं सोबत फिरतं. त्या कार्डावर धोक्याच्या खुणा छापलेल्या आहेत: रक्तस्राव, ताप, झटके, डोकेदुखी आणि धूसर दिसणं, अंगावर सूज, कळांआधीच पाणी जाणं. खाज त्यात नाही. म्हणून आशाताई ती विचारत नाही आणि बाईही सांगत नाही. एवढ्याशा खाजेसाठी गाडीभाडं कोण खर्च करणार, असा तिचा हिशेब असतो, आणि आजवरची उत्तरं पाहता तो चुकीचाही म्हणता येत नाही.

बाळंतपणानंतर तळपायांची खाज काही दिवसांत नाहीशी होते, तेव्हा सगळे हुश्श करतात आणि पुढचं काम राहून जातं. चार-सहा आठवड्यांनी लिव्हरची तपासणी पुन्हा करून ती पूर्ववत झाल्याची खात्री करायला हवी. नाही झाली, तर पित्ताशयातला खडा किंवा यकृताचा दुसरा आजार शोधावा लागतो. पुढच्या गरोदरपणात ही खाज परत येण्याची शक्यता बरीच असते. पाळणा लांबवण्यासाठी सरकारी माला-एन घ्यायची असेल, तर त्यात इस्ट्रोजेन असतं, म्हणून ही खाज झाली होती हे गोळी सुरू करण्याआधी नर्सताईंना सांगावं. तांबीची अशी अडचण नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते; सातव्या महिन्यापुढच्या बायांची रांग तिथं आपोआप जमते. आशाताई, नर्सताई आणि डॉक्टर, तिघांनाही विनंती एकच. त्या रांगेतल्या प्रत्येकीला वजन आणि बीपीच्या जोडीनं एवढं विचारा: ‘ताई, रात्री तळपाय-तळहात खाजतात का?’ ती हो म्हणाली आणि अंगावर पुरळ दिसलं नाही, तर त्याच दिवशी रक्त घ्या आणि कार्डावर तारीख घालून लिहा.